गीतरत्नातली दोन वचने आणि विल्यम वॉल्टनचे अँथेम

'सेट मी अ‍ॅज अ सील अपॉन दाइन हार्ट' ही विल्यम वॉल्टन या इंग्रज संगीतकाराची छोटी समूहगान-रचना आहे. ती गायला तीन-साडेतीन मिनिटे लागतात. साथीला ऑर्गन नाही, दुसरेही कोणते वाद्य नाही. सगळी मदार गळ्यांवर. २२ नोव्हेंबर १९३८ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या सेंट मेरी अ‍ॅबट्स चर्चमध्ये आयव्हर गेस्ट आणि लेडी मेबल फॉक्स-स्ट्रँगवेज यांचे लग्न लागले, त्या प्रसंगासाठी वॉल्टनने ती रचली. शब्द बायबलच्या जुन्या करारातले आहेत. मराठी बायबलमध्ये ज्या पुस्तकाला 'गीतरत्न' म्हणतात, त्याच्या आठव्या अध्यायातली सहावी आणि सातवी ही दोन वचने, तीही अर्धीमुर्धी.

'अँथेम' म्हटले की आपल्याकडे राष्ट्रगीत आठवते. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. उपासनेत ठरलेल्या प्रार्थना आणि स्तोत्रे झाल्यावर गायकवृंदाने स्वतंत्रपणे म्हणायची, बहुधा बायबलमधल्या शब्दांवर बांधलेली रचना म्हणजे अँथेम. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत तिची जागाही नेमून दिली आहे. उपस्थित मंडळींनी यात सूर मिसळायचा नसतो, बसून ऐकायचे असते. विल्यम बर्ड, ऑर्लँडो गिबन्स, हेन्री पर्सेल यांच्यापासून चालत आलेला हा प्रकार कॅथीड्रलच्या गायकवृंदांनी जिवंत ठेवला. वरचा सूर मुलांचा आणि खालचे तीन, म्हणजे आल्टो, टेनर आणि बास, पुरुषांचे, ही त्या वृंदांची जुनी रीत. वॉल्टन स्वतः याच रीतीत वाढला. तो १९०२ साली लँकाशायरमधल्या ओल्डम गावी जन्मला. वडील गाणे शिकवत आणि चर्चचा वृंद चालवत. दहाव्या वर्षी मुलाची ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलमध्ये बालगायक म्हणून निवड झाली. पुढे त्याने सिंफनी लिहिल्या, चित्रपटांना संगीत दिले, राज्याभिषेकाची कूचगीते रचली, पण वृंदातला प्रत्येक आवाज आतून कसा ऐकू येतो याचे ज्ञान त्याला मिळाले ते या लहान वयात.

गीतरत्न हे बायबलमधले सर्वांत अडचणीचे पुस्तक म्हणावे लागेल. आठ अध्याय, ११७ वचने, आणि सगळी प्रेमाची कविता. एक तरुणी आणि तिचा प्रियकर एकमेकांशी बोलतात, एकमेकांच्या अंगाप्रत्यंगाचे वर्णन करतात, बागेत आणि द्राक्षमळ्यात भेटतात. रात्री ती त्याला शोधत शहरभर हिंडते आणि पहारेकरी तिला अडवतात. विवाहाचा उपदेश नाही, आज्ञा नाही, इतिहास नाही. देवाचे नावही सरळ कुठे येत नाही. जे येते असे काही अभ्यासक म्हणतात, ते आठव्या अध्यायाच्या याच सहाव्या वचनात, ज्वाळेच्या हिब्रू शब्दाला जोडलेल्या एका प्रत्ययात. असे पुस्तक पवित्र ग्रंथात कसे, हा प्रश्न यहुदी धर्मपंडितांनाही पडला होता. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या रब्बी अकिवा यांनी ते पवित्र लेखनांत सर्वांत पवित्र ठरवून वाद मिटवला. मेजवानीच्या घरी जो ते आवाज लावून गाईल, त्याला परलोकात वाटा नाही, असेही त्यांचे मत नोंदलेले आहे. बंदी घालावी लागली, त्या अर्थी लोक मेजवान्यांत ते खुशाल गात असणार.

अडचणीतून वाट काढली ती रूपकाने. यहुदी परंपरेने प्रियकर म्हणजे परमेश्वर आणि प्रेयसी म्हणजे इस्राएल असे मानले; ख्रिस्ती परंपरेने त्या जागी ख्रिस्त आणि चर्च, किंवा ख्रिस्त आणि एकेका भक्ताचा आत्मा बसवला. बाराव्या शतकात क्लेअरव्होचे बर्नार्ड या पुस्तकावर प्रवचने करू लागले. छ्याऐंशी प्रवचने झाली, तरी ११५३ मध्ये निधन झाले तेव्हा ते जेमतेम तिसऱ्या अध्यायाच्या उंबरठ्यावर होते. ज्ञानदेवांच्या विरहिणी ऐकलेल्या मराठी वाचकाला ही वाट अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच, की विरहिणी भक्तीसाठीच लिहिल्या गेल्या, आणि गीतरत्नावर भक्ती मागाहून चढवली गेली. जो कोणी हे केवळ माणसांचे प्रेम आहे असे म्हणाला, त्याला ते महागात पडले. जिनिव्हात सेबास्टियन कास्तेलिओने तसे मत मांडले. तिथला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्याशी झालेल्या या वादापायी १५४४ च्या सुमारास त्याचे धर्मोपदेशक होणे हुकले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, ज्याची भाषा वॉल्टनने वापरली, प्रत्येक अध्यायाच्या माथ्यावर सारांश छापलेला असे, आणि त्यात गीतरत्नाचा अर्थ चर्च व ख्रिस्त असाच लावून दिलेला होता. १७७८ मध्ये जर्मन विचारवंत हर्डरने ही प्रेमगीतेच आहेत असे उघडपणे लिहिले, आणि हळूहळू अभ्यासकांचा कल तिकडे झुकला.

संगीतकारांची पंचाईत थोडी निराळी होती. त्यांना या कवितेचा मोह आवरत नव्हता आणि रूपकाची ढालही हवी होती. १५८४ मध्ये पॅलेस्ट्रिनाने गीतरत्नातल्या वचनांवर पाच आवाजांची २९ मोटेट, म्हणजे धार्मिक शब्दांवरच्या समूहगान-रचना, प्रसिद्ध केली. पोप तेरावा ग्रेगरी याला केलेल्या अर्पणपत्रिकेत त्याने तारुण्यात लौकिक प्रेमकवितांना चाली दिल्याबद्दल शरम व्यक्त केली आहे. प्रायश्चित्त म्हणून पुढे केलेले संगीत मात्र त्याच्या इतर धार्मिक रचनांपेक्षा चांगलेच ऊबदार आहे. शैली जरा उत्कट ठेवल्याचे तो स्वतःच सांगतो. माँटेवेर्दीने १६१० च्या संध्याप्रार्थनेत मरियेच्या स्तोत्रांच्या अधेमधे गीतरत्नातली प्रेमवचने बसवली. इंग्लंडमध्ये पर्सेलने तरुणपणी वसंताच्या वचनांवर अँथेम रचले. या सगळ्यांत ऐकणारा हवा तो अर्थ घेऊ शकत असे, आणि रचणाराही.

वॉल्टनने घेतलेल्या दोन वचनांचा रोख या पुस्तकात वेगळा उठून दिसतो. बाकी कविता वर्णनाची आहे. इथे प्रेयसी एकदम विधान करते. आधी ती मागणे मागते, की प्रियकराने तिला आपल्या छातीशी आणि हाताशी शिक्का बाळगावा तशी बाळगावी. प्राचीन पश्चिम आशियात शिक्का म्हणजे माणसाची ओळख आणि सही. दगडात कोरलेला तो छोटा ठसा दोरीने गळ्यात अडकवत किंवा अंगठीत बसवत, आणि सहसा अंगावेगळा करत नसत. उत्पत्तीच्या पुस्तकात यहूदा तामारेजवळ शिक्का, त्याची दोरी आणि काठी गहाण ठेवतो, आणि पुढे त्याच वस्तूंवरून तो ओळखला जातो. म्हणजे मागणे नाजूक असले तरी लहान नाही. त्यानंतर कारण येते: प्रेमाचे बळ मरणाच्या बळाच्या तोडीचे आहे. मग ईर्ष्येचा उल्लेख, ती अधोलोकासारखी निष्ठुर असल्याचा. मग आगीच्या ज्वाळा. मग पाण्याचे लोंढे, जे ती आग विझवू शकत नाहीत. आणि शेवटी एक व्यवहारी टोला, की कोणी घरातली सगळी संपत्ती देऊन प्रेम विकत घेऊ पाहिले तर त्याची छी-थू होईल. मरण, अधोलोक, आग, महापूर ही सगळी कनानी पुराणकथांतल्या देवतांची क्षेत्रे आहेत. मोट हा तिथला मृत्युदेव आणि रेशेफ हा ज्वाळा-रोगराईचा देव. कवीने प्रेमाला एकदम या पंक्तीत नेऊन बसवले आहे.

आता अँथेममध्ये यातले काय उरले ते पाहावे. शिक्क्याचे मागणे आहे, मरणाशी बरोबरी आहे, पाण्याचे लोंढे आहेत. ईर्ष्या गेली, अधोलोक गेला, ज्वाळा गेल्या, संपत्तीचा टोलाही गेला. लग्नाच्या वेदीसमोर ईर्ष्येचे नाव नको हे समजण्यासारखे आहे. संपत्तीचे वाक्य तर त्या दिवशी फारच खटकले असते: वर हा व्हायकाउंट विंबोर्नचा वारस, आणि त्या घराण्याची श्रीमंती वेल्समधल्या डाउलिसच्या लोखंडी कारखान्यांतून आलेली. पण कात्री लावताना एक गोष्ट हातची गेली. मूळ कवितेत पाणी येते ते आगीच्या पाठोपाठ. विझवायला काहीतरी पेटलेले असते. अँथेममध्ये आग कुठेच नाही, तरी पाणी ती विझवू शकत नाही असे म्हटले जाते. शब्द वाचताना ही फट दिसते. गाण्यात ती जाणवत नाही, कारण आगीची ऊब वॉल्टनने स्वरांत ठेवली आहे.

रचना सुरू होते ती एकट्या टेनरच्या आवाजाने. मागणे एका माणसाचे आहे, म्हणून आवाजही एक. त्याच्याभोवती मग बाकीचे आवाज येतात. गाणे संथ आहे. शब्दांचे तुकडे फारसे झालेले नाहीत, लांबलांब ताना नाहीत, त्यामुळे मागच्या बाकावर बसलेल्यालाही शब्द कळतो. ज्यांचा कान रागसंगीतावर पोसला आहे त्यांच्यासाठी एक खुलासा आवश्यक. इथे गोडवा एका सुरावटीच्या विस्तारात नाही, तर एकाच वेळी लागलेल्या चार-पाच वेगवेगळ्या सुरांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात आहे. सा-ग-प असा सुखाचा मेळ लागला असताना वॉल्टन त्यात शेजारचा एखादा सूर, रे किंवा नी, हळूच मिसळतो. शेजारचे दोन सूर एकत्र वाजले की एक बारीक कुरकुर उमटते. ती खटकण्याइतकी तीव्र नसते, पण मेळ स्वस्थही बसू देत नाही. पुढच्या मेळात ती सुटते, आणि तोवर दुसऱ्या आवाजात नवी कुरकुर आलेली असते. हा वॉल्टनच्या सगळ्याच संगीताचा स्वभाव आहे. त्याच्या व्हायोला कन्चेर्टोतली उदास गोडी याच जातीची. इथे मात्र वाद्यांचा रंग मदतीला नसल्याने ते सूर उघडे पडतात, आणि म्हणूनच अधिक मानवी वाटतात.

पुढे सोप्रानोचा एकल आवाजही येतो. म्हणजे पुरुषाच्या आवाजाला स्त्रीस्वराचे उत्तर मिळते. मूळ कवितेत हे बोल स्त्रीचे आहेत. वॉल्टन ते आधी टेनरच्या तोंडी घालतो, आणि मागणे दोघांचे होऊन जाते. लग्नाला हे शोभते. पुराचे शब्द येतात तेव्हा एखाद्या संगीतकाराने लाटा उसळवल्या असत्या. वॉल्टनला ते येत नव्हते असे नाही. सातच वर्षांपूर्वी, १९३१ मध्ये लीड्सच्या महोत्सवात त्याचे 'बेलशझ्झर्स फीस्ट' सादर झाले होते: मोठा वृंद, मोठा वाद्यमेळ, वर दोन जादा ब्रास बँड, आणि बाबेलच्या नाशाचा कल्लोळ. इथे तसला कल्लोळ अजिबात नाही. शेवटाकडे सुरुवातीचे शब्द परततात आणि गाणे हलक्या आवाजात मिटते. लग्नाच्या गीतात मरणाचे नाव राहू द्यायचे, आणि ते उच्चारताना आवाज मुळीच काळवंडू द्यायचा नाही, हा या रचनेतला सर्वांत धीट निर्णय.

गायला हे गीत दिसते त्याहून अवघड आहे. वाद्याचा आधार नसल्याने मध्येच पट्टी उतरली तर सावरायला काही नाही, आणि शेजारशेजारचे सूर किंचितही ढळले तर कुरकुर न राहता गोंगाट होतो. छोट्या, कसलेल्या वृंदात ते खुलते. मोठ्या वृंदात त्याची वीण सैल पडते.

या लग्नाला एक खासगी पदर होता, जो वॉल्टनच्या चरित्रकारांनी पुढे मोकळेपणाने मांडला आहे. वराची आई, व्हायकाउंटेस अ‍ॅलिस विंबोर्न, ही वॉल्टनची प्रेयसी होती. ती त्याच्याहून बावीस वर्षांनी मोठी. ज्याच्या लग्नाचे गीत रचायचे तो तिचा मुलगा वॉल्टनपेक्षा जेमतेम वर्षाने लहान. १९३४ च्या आसपास सुरू झालेला हा संबंध अ‍ॅलिसच्या मृत्यूपर्यंत, १९४८ पर्यंत टिकला. त्याच १९३८ साली दोघे इटलीतल्या राव्हेल्लो गावच्या व्हिला चिंब्रोनेत राहिले होते, आणि तिथे वॉल्टन व्हायोलिनवादक यशा हायफेट्झसाठी व्हायोलिन कन्चेर्टो लिहीत होता. लग्नाच्या वेळी अ‍ॅलिसचे पती हयात होते. म्हणून हे अँथेम म्हणजे वॉल्टनची गुप्त प्रेमपत्रिकाच, असे म्हणायचा मोह होतो. तेवढे ताणायचे कारण नाही. बेतून दिलेले कामही मनापासून होऊ शकते, आणि वॉल्टन बव्हंशी बेतून दिलेलीच कामे करत असे. नंतर त्याने चर्चसाठी आणखी लिहिले: १९५३ च्या राज्याभिषेकासाठी 'ते देउम', कवी ऑडेनच्या शब्दांवरचे 'द ट्वेल्व्ह', एक 'मिसा ब्रेव्हिस'. त्यांतले काहीही या तीन मिनिटांइतके सगळीकडे पोहोचले नाही.

याच दोन वचनांचा अगदी दुसरा उपयोग वॉल्टनच्या आधी इंग्रज संगीतकार जॉन आयर्लंडने केला होता. १९१२ च्या 'ग्रेटर लव्ह हॅथ नो मॅन' या अँथेमची सुरुवात तो पाण्याच्या लोंढ्यांनी आणि मरणाच्या बरोबरीने करतो, आणि लगेच योहानाच्या शुभवर्तमानाकडे वळतो, मित्रासाठी प्राण देण्याच्या वचनाकडे. साथीला ऑर्गन आहे आणि संगीत चढत्या आवेगाचे. मूळ हेतू ख्रिस्ताच्या बलिदानाच्या चिंतनाचा होता. पण दोन वर्षांत महायुद्ध सुरू झाले, आणि मग हे गीत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या उपासनांशी कायमचे जोडले गेले. एकाच वचनाने एका ठिकाणी वधू-वरांना आशीर्वाद द्यावा आणि दुसऱ्या ठिकाणी युद्धस्मारकासमोर उभे राहावे, हे निवडीने साधले आहे: त्या वचनाच्या शेजारी दुसरे कोणते वचन ठेवले, यावर सगळे अवलंबून. आयर्लंडच्या अँथेममध्ये गीतरत्न अजून रूपक होते. वॉल्टनने शेजारी काहीच ठेवले नाही. धर्मशास्त्राचा टेकू न घेता प्रेमकविता प्रेमकविता म्हणूनच चर्चमध्ये उभी राहिली, आणि कोणी हरकत घेतली नाही.

त्याच पिढीतल्या इतरांनी गीतरत्नातली वसंताची वचने पसंत केली: हिवाळा सरला, पाऊस थांबला, फुले आली, प्रिये ऊठ. लंडनमध्ये जन्मून टोरंटोत स्थायिक झालेल्या हीली विलनने १९२९ मध्ये त्यांवर वाद्यविरहित, दोनेक मिनिटांचे मोटेट केले. ते ईस्टरच्या सुमारास गातात, कारण उठण्याच्या हाकेत पुनरुत्थान ऐकायची सोय आहे. पॅट्रिक हॅडलीने १९३६ मध्ये तीच वचने ऑर्गनसह घेतली आणि ऋतूचा उन्माद मनसोक्त उधळला. विलनच्या संयमापेक्षा हॅडलीचा हा उधळा स्वभाव कवितेला जास्त जवळचा आहे.

राल्फ व्हॉन विल्यम्सने तर शब्दच काढून टाकले. १९२५ च्या 'फ्लोस काम्पी'त एकल व्हायोला, छोटा वाद्यमेळ आणि वृंद आहे, पण वृंद फक्त स्वर उच्चारतो. सहा भागांच्या माथ्यावर गीतरत्नातली लॅटिन वचने छापलेली आहेत, गायची नव्हेत. शेवटच्या भागाच्या माथ्यावर शिक्क्याचेच वचन आहे, आणि तिथे आधीच्या भागांतली सगळी तगमग एका शांत सुरावटीत उतरते; वाद्ये आणि गळे ती एकमेकांकडून उचलत राहतात. ऐकणारे गोंधळले. नावावरून काहींनी रानफुलांचे प्रसन्न निसर्गसंगीत अपेक्षिले होते, तेव्हा १९२७ मध्ये संगीतकाराला टिपण लिहून खुलासा करावा लागला.

फ्रान्समध्ये दानिएल-लेझ्यूरने १९५२ साली बारा आवाजांसाठी सात भागांचे 'ल कांतिक दे कांतिक' रचले. त्याचा शेवटचा भाग पुन्हा याच आठव्या अध्यायाचा. एकीकडे फ्रेंचमध्ये शिक्क्याचे मागणे आणि दुसरीकडे लॅटिनमध्ये ख्रिस्ताच्या वधूला आवाहन, दोन्ही एकाच वेळी चालतात. घंटानादासारख्या त्या गजरात लौकिक आणि पारलौकिक अर्थ कोणी निवडायचेच नाहीत, दोन्ही एकदम ऐकायचे. क्षिश्तोफ पेंडेरेत्स्कीने १९७० ते ७३ या काळात सोळा आवाजांसाठी केलेल्या रचनेत शब्द कुजबुजीत आणि निःश्वासांत विरघळतात. ती अँथेमच्या जागी बसणारी नव्हे, मैफलीतच ऐकायची.

अमेरिकेत रेने क्लॉसनने १९८९ मध्ये 'अ न्यू क्रिएशन' या मोठ्या रचनेत हीच दोन वचने वाद्याविना बांधली, आणि तो तुकडा मूळ कृतीपासून सुटा होऊन शाळा-महाविद्यालयांच्या वृंदांत प्रचंड लोकप्रिय झाला. त्याचे मेळ वॉल्टनपेक्षा सोपे, बांधणी सरळ, चारही आवाज बहुतेक वेळ बरोबरीने शब्द उच्चारतात. लग्नात गातात तसे अंत्यविधीतही गातात. वॉल्टनच्या गीतातली कुरकुर त्यात नाही, आणि त्याच कारणाने ते हौशी वृंदांच्या आवाक्यात येते. इथेही ज्वाळा वगळल्या आहेत.

डेव्हिड लँगने २०१४ मध्ये 'जस्ट' नावाच्या रचनेत निवडीचा हा खेळ टोकाला नेला. तीन स्त्रियांचे आवाज, व्हायोला, चेलो आणि तालवाद्य एवढाच संच. लँगने गीतरत्नातली कथा, निसर्ग, संवाद सगळे बाजूला काढले आणि दोघांच्या मालकीच्या, दोघांत वाटल्या गेलेल्या गोष्टींची तेवढी यादी केली: त्याचे काय, तिचे काय, दोघांचे मिळून काय. ती यादी एकसुरी लयीत गायली जाते. पाओलो सोरेंतिनोच्या २०१५ च्या 'यूथ' या चित्रपटात हे संगीत वापरले गेले, आणि चर्चच्या दारातही न गेलेल्या प्रेक्षकांपर्यंत ते पोहोचले.